पोळ्याआधीचा रंग

लाकडाचा नंदी डोळ्यांदेखत पांढरा पडतो आहे. दोन मिनिटांपूर्वी त्याच्या पाठीवर सागवानाच्या रेषा स्वच्छ दिसत होत्या. तपकिरी पॉलिशवर क्लिअर लॅकरचा हात बसला तेव्हा ओल्या चकाकीत त्या आणखी उठून आल्या होत्या. आता वशिंडापासून शेपटीकडे दुधाळ पडदा सरकतो आहे. पोरगा स्प्रे गन धरून थबकलाय. थर कमी पडला असावा असं त्याला वाटतं आणि तो पुन्हा ट्रिगरवर बोट ठेवतो.

"नको मारू बे," मागून आवाज येतो. "अजून मारशील त अजून पांढरा होईल."

"पन मामाजी, हे पाहा ना कसं..."

"पाहून राहिलो मी. गन खाली ठेव पहिले."

किरनापुरात पोळ्याच्या आधीचा आठवडा चालू आहे. रात्रभर पाऊस होता, पहाटे थांबला, आणि आता अकरा वाजता आभाळ उघडल्यासारखं दिसत असलं तरी हवा इतकी दमट आहे की शर्ट पाठीला चिकटतो. टिनाच्या शेडमध्ये तीन बाजूंनी ताडपत्री आहे, चौथी बाजू रस्त्याकडे मोकळी. आत एक लोखंडी कपाट, दोन बाइकच्या टाक्या, कुणाचा तरी दरवाजा, आणि लांब फळीवर ओळीनं उभे केलेले लाकडी नंदी. लहान मुठीएवढ्यापासून गुडघ्याएवढ्यापर्यंत. सगळ्यांच्या पायांना चाकं आहेत, कारण तान्ह्या पोळ्याला पोरं ते दोरीनं ओढत नेणार आहेत.

गोंदियाहून बाघ नदी ओलांडली की महाराष्ट्र संपतो, रजेगाव लागतं, आणि तिथून किरनापुर काही लांब नाही. बालाघाट जिल्हा १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनीचे भाग जोडून झाला. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. सणांनी ती रेघ मानली नाही. लाकडी बैलांचा तान्हा पोळा नागपुरात दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ मध्ये सुरू केला असं सांगतात, आणि त्याच भोसल्यांच्या मुलखातल्या या भागात तो अजून घरचाच सण आहे. शेडमध्ये बोलणंही तसंच मिसळलेलं आहे. मिस्त्री गिऱ्हाइकाशी हिंदीत भाव करतो, पोवारी बोलणाऱ्या बाईला पोवारीत उत्तर देतो आणि भाच्यावर मराठीत रागावतो.

आता तो रागावत नाही. उकिडवा बसून नंदीच्या पाठीकडे बघतो. बोट लावत नाही. पहिली गोष्ट जी मी इथे पाहतो ती हीच: बिघडलेल्या ओल्या रंगाला तो हात लावत नाही, आणि पोराचा हात जवळ गेला की मनगट धरून बाजूला करतो.

"थिनर उडते तेव्हा थंड होते," तो मला सांगतो. "हातावर घेऊन पाहा." बाटलीतून चार थेंब तो माझ्या पंजावर टाकतो. क्षणात हात गार पडतो. लाकडावर हेच झालंय. एन.सी. म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकरमधला थिनर झपाट्यानं उडतो, उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो, आणि पृष्ठभाग भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतो. कोरड्या दिवशी त्यानं काही बिघडत नाही. आजच्या हवेत मात्र त्या गार पातळ थरावर दव धरतं. पाणी आत शिरतं, नायट्रोसेल्युलोज नीट एकसंध बसण्याऐवजी फुटून साका धरतं, आणि त्या बारीक पोकळ्यांवर उजेड विखुरला की आपल्याला पांढरं दिसतं. म्हणजे रंग खराब नाही, लाकूड खराब नाही, पोराचा हातही तसा बरोबर होता. चुकली ती वेळ.

हा दोष नायट्रोसेल्युलोजच्या गुणातूनच आलेला आहे. त्याच्या आधी मोटारगाड्यांना वार्निश आणि तेलाचे रंग हातानं लावत आणि एक गाडी वाळायला आठवडेच्या आठवडे जात. १९२० च्या दशकात अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीचं 'ड्यूको' आलं, थर मिनिटांत सुकू लागला, आणि गाड्या रांगेनं रंगवून बाहेर पडू लागल्या. ही घाईच्या काळासाठी केलेली वस्तू आहे. तिची झटपट वाळण्याची हौस श्रावण-भाद्रपदात अशी अंगाशी येते.

मिस्त्री उठतो. कपाटातून वेगळा डबा काढतो, त्यावर मार्करनं 'रिटार्डर' लिहिलंय. हा सावकाश उडणारा थिनर. आत्ता लगेच तो मारणार नाही. आधी नंदी रस्त्याकडच्या बाजूला, जिथे थोडं ऊन येतंय तिथे सरकवतो. "बारा-एक वाजता हवा सुकते. तेव्हा नुसत्या रिटार्डरचा हलका फवारा मारू. वरचा थर परत पातळ होते, पानी निघून जाते, पांढरं उतरते. नाहीच उतरलं त घासून परत." पुढच्या नंद्यांसाठी तो नेहमीच्या थिनरमध्ये थोडा रिटार्डर मिसळतो. थोडाच. जास्त झाला तर थर दिवसभर मऊ राहतो आणि त्यावर धूळ बसते.

मग तो कंप्रेसरकडे जातो. टाकीच्या बुडाशी असलेला नळ उघडतो. फिस्स करून हवा सुटते आणि तिच्याबरोबर मातकट पाणी, पोह्याची बशी भरेल इतकं. सकाळीच एकदा काढलं होतं, म्हणतो. मला यात आश्चर्य वाटत नाही, पण बघायला फार बरं वाटतं, कारण आकडे इथे जमिनीवर सांडलेले दिसतात. ३० अंश तापमानाच्या पूर्ण दमट हवेत एका घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. ती हवा दाबून आठव्या हिश्शात कोंबली की टाकीत थंड होताना तेवढी वाफ तिला धरून ठेवता येत नाही. चारेक ग्रॅम राहतं, बाकी सगळं पाणी होऊन बुडाशी जमतं. नळ उघडला नाही तर तेच पाणी पाइपातून गनमध्ये जातं आणि रंगाबरोबर थेंबाथेंबानं उडतं. थरावर बारीक खड्डे पडतात, फोड येतात, आणि पेंटर रंगाच्या कंपनीला शिव्या देतो.

पाण्याचा बंदोबस्त झाल्यावर तो एक छोटा आरसा काढतो, दाढीच्या आरशाएवढा. गन न जोडता पाइपातली नुसती हवा त्यावर सोडतो आणि आरसा उजेडात तिरपा धरतो. धुकं येतंय का, तेलाचा तवंग दिसतोय का. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की कंप्रेसरचं तेल हवेत मिसळतं, आणि तेलासारखा रंगाचा दुसरा वैरी नाही. आज आरसा स्वच्छ आहे.

तेल येतं ते दुसऱ्याच वाटेनं. साडेअकराच्या सुमारास धोतर नेसलेले एक म्हातारे सायकलवरून येतात. सायकलच्या मागच्या कॅरिअरवर गोणपाटात बांधलेला नंदी. जुना आहे, वीतभर उंच, एका कानाचा टवका उडालेला. पांढरं अंग, निळी शिंगं, पाठीवर लाल झूल रंगवलेली, आणि सगळा रंग जागोजाग उडून आतलं लाकूड काळवंडलेलं.

"नातवासाठी," ते म्हणतात. "याच्या बापानं ओढला हा. आता हा ओढते. रंग मारून द्या जी."

मिस्त्री नंदी हातात घेतो, उलटासुलटा करून बघतो. चाकं फिरवतो. मग कपाळावर अंगठा घासतो आणि अंगठा नाकाशी नेतो. "तूप लावता काय काकाजी याले?"

"लावतो ना. कपाळाले तूप, त्यावर कुंकू. दरसाल. देव आहे तो."

"बराबर आहे. लावाच. पन रंगाच्या आधी मले ते काढू द्या, नाही त रंग धरत नाही."

पोराला हे पटवून द्यायचं असावं म्हणून तो मला वाटतं मुद्दाम एक गोष्ट करतो. बाजूला पडलेल्या एका रंगवायच्या पत्र्यावर तुपाचं तेच बोट पुसतो आणि त्यावर काळ्या रंगाचा पातळ फवारा मारतो. आम्ही तिघंही वाकून बघतो. जिथे बोट लागलं होतं तिथे रंग मागे सरकतो. गोल गोल खळगे पडतात, प्रत्येकाच्या मध्यभागी उघडा पत्रा आणि भोवती उंच कडा. इंग्रजीत याला माशाचा डोळा म्हणतात आणि इथेही सगळे 'फिश-आय'च म्हणतात. तेलावर, मेणावर, सिलिकॉनवर रंगाचा थर पसरायला तयार नसतो, तो स्वतःला आखडून घेतो. बाइकच्या टाकीवर हे चकाकी आणणाऱ्या सिलिकॉन पॉलिशमुळे होतं, कपाटावर डोक्याला लावलेल्या तेलाच्या हातामुळे, आणि नंदीवर पूजेच्या तुपामुळे.

अशा वेळी सगळ्यात मोठी चूक म्हणजे वरून जाड थर मारून खळगे बुजवायला जाणं. खळगा बुजत नाही, रुंद होतो. थर वाळू द्यावा लागतो, घासून सपाट करावा लागतो, आणि खालचं तेल काढावं लागतं. मिस्त्री काढतो ते असं: दोन फडकी घेतो, एक थिनरमध्ये भिजवलेलं, एक कोरडं. ओल्यानं एक हात पुसतो आणि तो ओलावा उडायच्या आत कोरड्यानं लगेच उचलून घेतो. थिनर वाळू दिला तर विरघळलेलं तेल परत तिथेच बसतं, नुसतं जागा बदलून. पोरगा एकाच फडक्यानं घासायला लागतो तेव्हा मिस्त्री त्याच्या हातात दुसरं फडकं कोंबतो. दर दोन-तीन हातांनी फडक्याची बाजू बदलायला लावतो. म्हातारे लक्ष देऊन बघताहेत. कुंकवाचा लाल डाग फडक्यावर उतरतो तेव्हा ते हात जोडतात, पटकन, कुणाला दिसू नयेत असे.

जुना रंग कोणत्या जातीचा आहे हेही बघावं लागतं. मिस्त्री पोटाच्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, थिनरचा बोळा क्षणभर दाबून धरतो. जुना रंग एन.सी. असला तर बोळ्याला रंग लागतो. हार्डनर घालून मारलेला असला तर काहीच होत नाही. आणि साधा ऑइल पेंट असला तर तो सुरकुततो, फुगून सुटायला लागतो. इथे सुरकुततो. म्हणजे यावर एन.सी. मारायचं नाही. मारलं असतं तर त्यातल्या तीव्र थिनरनं सगळा नंदी सुरकुत्यांनी भरला असता. शेडमध्ये उभा केलेला दरवाजा नेमका तसाच बिघडून आलेला आहे. दुसरीकडे कुणीतरी जुन्या ऑइल पेंटवर सरळ एन.सी. मारलं. आता तो पूर्ण खरवडायचा, लाकडापर्यंत. दुसरा इलाज नाही, त्यामुळे त्याबद्दल बोलायलाही फारसं काही नाही.

नंदीसाठी घरगुती इनॅमल ठरतं. इथे पोरगा एक सुचवतो. ट्रॅक्टरच्या कामातला भडक पिवळा रंग उरलाय, शिंगांना तो मारला तर किती छान दिसेल. मिस्त्री मान हलवतो. "पोट्टे तोंडात घालते हे. तो रंग नाही." आणि घरगुती इनॅमलचा डबा उचलून त्यावरची बारीक अक्षरं मला दाखवतो, शिसे न मिसळल्याची. हे त्याला कुणी सांगितलं ते मी विचारत नाही, पण त्याचं म्हणणं अगदी खरं आहे आणि मला ते मोठ्यानं सांगावंसं वाटतं. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असता कामा नये असा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू आहे. यंत्रांचे आणि गाड्यांचे औद्योगिक रंग त्या नियमाच्या बाहेर आहेत, आणि भडक पिवळ्या-नारिंगी रंगांत शिशाचं क्रोमेट वापरण्याची चाल जुनी आहे. पोरं नंदी ओढतात, कवटाळतात, त्याची शिंगं चघळतात. शिसं लहान मुलांच्या मेंदूला इजा करतं आणि ती भरून येत नाही. तेव्हा ज्यांच्याकडे नंदी रंगवायला येतात त्या प्रत्येक पेंटरनं डबा उलटून वाचलाच पाहिजे, आणि आपणही वाचायला लावलं पाहिजे.

इनॅमलची अडचण एन.सी.च्या नेमकी उलट. दव धरत नाही, पण वाळायला तासन् तास घेतं, आणि तेवढ्या वेळात शेडमधली सगळी धूळ आणि पावसाळी चिलटं त्यावर येऊन बसतात. उन्हाळ्यात मिस्त्री जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवतो. आता शिंपडत नाही, हवेत आहे तेवढा ओलावा पुरे. त्याऐवजी सकाळी आल्या आल्या झाडून घेतो आणि मग तासभर काहीच रंगवत नाही, उडालेली धूळ खाली बसेपर्यंत. तरीही काल रंगवलेल्या एका पांढऱ्या नंदीच्या पाठीवर चिलट अडकलंय. म्हातारे ते काढायला बोट पुढे करतात.

"राहू द्या काकाजी. वाळू द्या. वाळलं की घासून निघून जाते, पाय गिय सगळे. ओल्यात काढलं त बोटाचा खड्डा राहते."

साडेबारा. आता हवेत फरक पडलाय, माझ्याही अंगाला तो जाणवतो. मिस्त्री गन उचलतो पण नंदीवर नाही, आधी पुठ्ठ्यावर मारून बघतो. गन स्थिर धरून एक क्षण ट्रिगर. पुठ्ठ्यावर उभा लांबट ठसा उमटायला हवा, दोन्ही टोकांना सारखा. उमटतो तो केळ्यासारखा वाकडा, एका बाजूला जड. मला वाटतं आता तो गन सगळी खोलणार. तो फक्त पुढची हवेची टोपी अर्धी फिरवतो आणि पुन्हा मारतो. ठसाही उलटा फिरतो, वाकडेपणा दुसऱ्या बाजूला जातो. "टोपीत आहे," तो म्हणतो. ठसा फिरला नसता तर दोष रंगाच्या नोझलमध्ये असता. इतकी सोपी आणि इतकी हुशार तपासणी मी बऱ्याच दिवसांत पाहिली नाही. टोपीच्या दोन्ही शिंगांना बारीक भोकं असतात, त्यांतून येणारी हवा रंगाला दोन्ही बाजूंनी दाबून पंख्यासारखं चपटं करते. त्यातलं एक भोक वाळलेल्या रंगानं बुजलंय. टोपी थिनरमध्ये बुडते, आणि भोक साफ होतं खराट्याच्या काडीनं. तार कधीच नाही. तारेनं पितळेचं भोक ओरखडतं, मोठं होतं, आणि मग ती टोपी कधीच सरळ मारत नाही.

पुठ्ठ्यावर तिसरा ठसा सरळ येतो. मग पांढऱ्या पडलेल्या नंदीवर रिटार्डरचा फवारा, इतका हलका की तो मारला हे वासावरूनच कळतं. आम्ही वाट बघतो. पाठीवरचा पडदा आधी कडेनं विरळ होतो, मग मध्ये, आणि खालून सागवानाच्या रेषा एकेक करून वर येतात. पोरगा हसतो. मीही.

बाइकची टाकी घ्यायला तिचा मालक येतो. तरुण आहे, बालाघाटला कॉलेजात जातो, टाकी काळी हवी होती आणि आजच हवी आहे. काल दुपारी ती रंगवली तेव्हा पावसातून एकदाच कडक ऊन पडलं होतं आणि प्रायमर वाळावा म्हणून त्यानं टाकी स्वतःच उन्हात नेऊन ठेवली होती. पत्रा तापला, त्यावर पडलेले रंगाचे थेंब एकमेकांत मिसळून सपाट होण्याआधीच घट्ट झाले, आणि आता टाकीवर संत्र्याच्या सालीसारखे बारीक उंचवटे आहेत. लांबून चमकते. जवळून बघितलं की त्यात आपलं तोंड तुटक दिसतं. रंग जास्त दाट असला, हवेचा दाब कमी असला, गन लांब धरली, तरी हेच होतं. मिस्त्री गनपाशी ४०-४५ पौंड दाब ठेवतो आणि अंतर वितीनं मोजतो, अंगठा गनच्या तोंडाशी, करंगळी पत्र्याशी. पुस्तकात सहा ते आठ इंच लिहिलेलं असतं, त्याच्या जवळपासच ते भरतं.

"परत मारा एक कोट वरून, बसून जाईल," तरुण म्हणतो.

"नाही बसत भाऊ. सालीवर साल चढते."

इथून पुढच्या पाऊण तासाचं काम माझ्या मते या शेडमधलं सगळ्यात सुंदर आहे, आणि त्यात गन कुठेच नाही. बादलीत पाणी, त्यात साबणाचा एक थेंब. १५०० नंबरचा वॉटर पेपर रबराच्या सपाट ठोकळ्याला गुंडाळलेला, कारण नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या चार नाल्या पडतात. गोल गोल नाही, सरळ एका दिशेनं. कडांपासून दूर, कारण कडेवर रंग नेहमीच पातळ असतो आणि दोन हातांत प्रायमर उघडा पडतो. मिस्त्री घासतो, रबराच्या पट्टीनं पाणी ओढून टाकतो आणि तिरप्या नजरेनं बघतो. काळ्या मंद पृष्ठभागावर अजून चमकणारे ठिपके दिसतात. ते ठिपके म्हणजे सालीचे खड्डे, जिथे कागद पोहोचलेला नाही. पुन्हा घासतो. ठिपके कमी होतात. पुन्हा. शेवटी सगळी टाकी सारखी करडी, निस्तेज दिसते आणि तरुणाचा चेहरा उतरतो.

"सगळी चमक गेली हो."

"गेली नाही. येऊन राहिली."

२००० नंबरचा कागद, मग रबिंग कंपाउंड, मऊ कापड, आणि मनगट. एका हाताएवढ्या जागेत काळेपणा परत येतो, पण आता तो खोल आहे आणि त्यात टिनाच्या छपराची प्रत्येक पन्हळ सरळ दिसते. या कामात रंग वाढवत नाहीत, कमी करतात. आधीच्या हातानं चार-पाच थर नीट दिले असले तरच घासायला काही उरतं. म्हणून चांगला पेंटर दुरुस्तीची जागा रंगवतानाच ठेवून देतो. मला वाटतं दोष काढण्याची सगळी विद्या इथे आहे: वर दिसणाऱ्या डागाशी भांडायचं नाही, तो कुठून आला ते शोधायचं, आणि वाळेपर्यंत थांबायची ताकद ठेवायची. आणि नेमकं हे थांबणं पोळ्याच्या आठवड्यात गिऱ्हाइकाला महाग वाटतं. टाकी आज अर्धीच होते. उरलेली उद्या. तरुण कुरकुर करतो, पण झालेल्या अर्ध्या भागात स्वतःचे केस नीट करून जातो.

दीडला लाइट जाते. मिस्त्री तेव्हा एका नंदीची झूल लाल करतोय. कंप्रेसरची मोटर बंद पडते तरी टाकीत हवा आहे. तो काट्याकडे बघतो, झूल एका दमात पूर्ण करतो आणि तिथेच थांबतो. हवा अजून शिल्लक आहे, पण दाब उतरायला लागला की थेंब मोठे पडतात. अर्ध्या पत्र्यावर बारीक आणि अर्ध्यावर जाड असा फवारा नंतर कितीही घासला तरी दिसतो.

लाइट नसल्यानं बोलायला वेळ मिळतो. तो खोकतो. मघापासून खोकतोय. तोंडाला बांधलेला गमछा खाली ओढतो तेव्हा गमछ्यावर लाल-काळे-पांढरे सगळे रंग दिसतात, म्हणजे जे कापडानं अडवलं ते. थिनरची वाफ कापड अडवत नाही. आणि बाइकच्या टाक्यांवर तो हार्डनर घातलेलं पी.यू. (पॉलियुरेथेन) मारतो, त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांनी दमा जडतो, आणि एकदा जडला की पुढे थोड्याशा वासानंही श्वास कोंडतो. कित्येक पेंटरांना त्यामुळे धंदाच सोडावा लागतो. फवाऱ्याची ही कल्पना मुळात घशाच्या औषधासाठी होती. अमेरिकेत टोलेडो शहरात डॉ. ॲलन डीव्हिलबिस नावाच्या घशाच्या डॉक्टरनं १८८० च्या दशकात रोग्यांच्या घशात औषध फवारायला रबरी फुग्याचं यंत्र केलं, आणि त्याच्या मुलानं पुढे त्याची रंगाची गन केली. ते मी त्याला सांगतो. तो ऐकून घेतो, मग पुन्हा खोकतो.

भिंतीवर खिळ्याला दोन डब्यांचा मास्क लटकतोय, धूळ बसलेला. पी.यू.साठी तोही पुरता नाही, पण गमछ्यापेक्षा तो कितीतरी चांगला, डब्या वेळेवर बदलल्या तर.

"उकाड्यात जीव गुदमरते त्यानं," तो म्हणतो.

"गमछ्यानं हळूहळू गुदमरतो. हा पोरगा अठराचा आहे, याला आत्तापासून सवय लावा."

तो काही बोलत नाही. मी पुन्हा सांगतो, कारण हे एकदा सांगून सोडून देण्यासारखं नाही. गोंदियाहून नव्या डब्या आणून देईन असंही सांगतो. तो मास्क काढतो, झटकतो, डब्यांवरची तारीख शोधतो. तारीख उलटून गेलेली आहे. डब्या फेकतो, आणि कपाटाच्या खणातून पाकिटबंद नवी जोडी काढतो. होती त्याच्याकडे.

तीनच्या सुमारास लाइट येते. कंप्रेसर धडधडू लागतो, पुन्हा नळ, पुन्हा पाणी. लोखंडी कपाटाची मागची बाजू उरली आहे, भिंतीकडे जाणारी. मिस्त्री मास्क पोराच्या तोंडावर चढवतो, पट्टे आवळतो, हातानं दोन्ही डब्या झाकून श्वास ओढायला लावतो. मास्क गालांना चिकटतो, म्हणजे कुठून फट नाही. मग गन त्याच्या हातात देतो.

"मार. पत्र्याच्या बाहेरून सुरू कर, बाहेरच सोड. मनगट नको फिरवू, पूरा हात चालव."

पोरगा मारतो. पहिला पट्टा, दुसरा अर्धा पहिल्यावर, तिसरा अर्धा दुसऱ्यावर. चांगलं चाललंय. खालच्या कोपऱ्यात तो क्षणभर रेंगाळतो, जिथे पत्रा दुमडलाय तिथे नीट लागलं नाही असं वाटून. गन जवळ जाते. थर जाड होतो, एक क्षण तसाच थांबतो, आणि करड्या रंगाचा ओघळ सुटून खाली येऊ लागतो. पोरगा खिशातलं फडकं काढतो.

मिस्त्री त्याचं मनगट धरतो. "फडकं ठेव. परवा वाळला की ब्लेडनं तासून घे, मग ठोकळ्यावर सहाशे नंबर लावून घास. आता वरचा पट्टा घे. आणि हात थांबला त बोट सोडत जाय."

पोरगा फडकं खिशात घालतो आणि वरचा पट्टा पत्र्याच्या बाहेरून सुरू करतो.